साडेतेहतीस मिनिटांचं गाणं

कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तीस म्हणजे तीस, त्यावर एखादं अर्धं मिनिट मिळालं तर टेप कंपनीची मेहरबानी समजायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं म्हातारा चळला. गाण्याला कसली आली जागेची अडचण? पण माझ्या धंद्यातली सगळी अक्कलहुशारी आणि माझं एकमेव पाप, दोन्ही त्या तीस मिनिटांत मावतं. म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

यवतमाळात एका गादीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत मी सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग सेंटर चालवलं. पुढं कॅसेट मेली तेव्हा त्याच खोलीत मोबाईल दुरुस्त केले, पण ते पोटासाठी. मोठ्या शहरातले लोक म्हणे स्टुडिओच्या भिंतींना लाकूड लावतात, फोम लावतात. आमच्याकडं कापूस. भिंतींना गाद्या टांगलेल्या, दाराला रजई, वर छताला सतरंजी. आत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरायची. अडचण एकच, गादीवाल्याचं पिंजायचं मशीन. ते सुरू असलं की माझ्या गायकाच्या गळ्यातून कापूस पिंजल्याचा आवाज निघे. म्हणून रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार, गादीवाला जेवून आडवा झाला की. तेही लाईन असली तर. शिवाय खोलीत उडणारे कापसाचे तंतू टेपच्या हेडवर जाऊन बसत, आणि ते पुसायला पुन्हा स्पिरिटात बुडवलेला कापूसच. कापसानंच घाण करायची आणि कापसानंच पुसायची, असा आमचा कारभार.

माणसं तरी काय काय यायची! महागावचा एक गृहस्थ सासऱ्याला हाताला धरून घेऊन आला. सासऱ्यानं लग्नात दिलेला शब्द तो पुढं फिरवेल, म्हणून शब्द टेप करून ठेवायचा होता. सासऱ्यानं माईक पाहिला, हात जोडले आणि शब्दाऐवजी पाच कडव्यांचं भजन म्हटलं. जावई कपाळ धरून बसला. दुसरे एक मास्तर. त्यांनी निवृत्तीच्या समारंभातलं स्वतःचं भाषण आधीच रेकॉर्ड करून नेलं, कारण ऐन वेळी रडू कोसळेल याची त्यांना खात्री होती. समारंभात टेप लावली, मास्तर स्टेजवर नुसते ओठ हलवत उभे राहिले, आणि मधेच टेप गुंतली. मास्तरांचे ओठ मात्र हलतच होते. त्या दिवशी हसून हसून रडले ते बाकीचे.

हे सगळं मी अनेकदा सांगितलंय. जे कधी सांगितलं नाही ते कौसल्याताईंचं. तेही सांगितलं नसतं, पण यंदा उन्हाळ्यात त्यांची मुलगी संगीता एक मोठी थैली घेऊन माझ्या घरी आली. थैलीत एकेचाळीस कॅसेटी होत्या.

"काका, आईचं सगळं गाणं एका जागी करून द्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका पेन ड्राईव्हमध्ये," ती म्हणाली. "आईचा आवाज तर गेला. निदान एवढं तरी राहू द्या."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर किती तरी वेळ त्या थैलीला हात लावला नाही.

कौसल्याताई बाभुळगावच्या. अंगणवाडीत सेविका होत्या. त्यांचे यजमान वामनराव पेटी वाजवायचे. ही जोडी पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा ताईंचं वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. माईकसमोर बसल्या, खोकल्या, आणि गायला लागल्या, तर मी मशीनवरून मान वर केली. बाईचा आवाज इतका भारी असतो? खालचा, भरलेला, कोरड्या विहिरीत हाक मारल्यावर परत येतो तसा. जयंतीचं गाणं होतं. तोवर जयंतीच्या गाण्यात मी नुसता जोश ऐकला होता. ही बाई समोर बसलेल्या एका माणसाला समजावून सांगावं तशी गात होती, आणि चौथ्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला.

आणि ती एकाच गाण्याची बाई नव्हती. एप्रिलात जयंती, नवरात्रात देवीच्या मंडपात भजनं, पुसदच्या एका कव्वालाबरोबर सवाल-जवाब, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. होळीला बंजारा तांड्यावर जाऊन लेंगी म्हणायची, तीही अस्सल गोर बोलीत. अंगणवाडीत येणाऱ्या बायांकडून शिकली होती. लोकांना हे पचायचं नाही. समाजातले म्हणत, बाई देवीच्या मंडपात कायले जाते? मंडपवाले म्हणत, बाई कव्वाली काहून म्हणते? मी एकदा हाच प्रश्न केला तर म्हणाल्या, "भौ, मले चारी घरचं जेवन चालते. पोट एकच हाये नं!"

आता त्या पापाकडं येतो. पहिल्या कॅसेटला चौदा गाणी ठरली होती. कव्हर नागपूरहून छापून आलं होतं, त्यावर चौदा गाण्यांची यादी आणि ताईंचा फोटो. आम्ही मूळ रेकॉर्डिंग नव्वद मिनिटांच्या चांगल्या टेपवर घ्यायचो, तिथं जागेला तोटा नसे. मग त्यावरून साठ मिनिटांच्या विक्रीच्या कॅसेटीवर उतरवायचं. उतरवायला बसलो तर पहिल्या बाजूची सात गाणी साडेतेहतीस मिनिटं भरली. दुसऱ्या बाजूचीही जवळपास तेवढीच. ताईंना घाई नसायची, एकेक ओळ त्या निवांत घोळवायच्या. एक गाणं काढावं तर कव्हर वाया जातं.

मूळ टेप वाजवतो त्या डेकच्या मोटरच्या मागं सुईएवढं भोक असतं, आणि आत स्क्रू. तो फिरवला की मोटर जोरात पळते. टेप जोरात पळाली की साडेतेहतीस मिनिटांचं गाणं तीस मिनिटांत बसतं. फक्त एक होतं. गाणं पळतं तसा आवाजही वर चढतो आणि पातळ होतो. हे आमच्या धंद्यात सगळेच करायचे. त्यात आमचा आणखी एक फायदा होता. गावोगावी गाणी वाजत ती भोंग्यावर. भोंग्याला भारी आवाज पेलत नाही, तो नुसता गडगडतो. पातळ आवाज दोन वावरांपलीकडं जातो. मी स्क्रू फिरवला. वामनरावांनी ज्या पेटीवर पांढरी चारमध्ये गाणी वाजवली होती, ती कॅसेटमधून पांढरी पाचमध्ये वाजायला लागली. पेटी न कळणाऱ्यांसाठी सांगतो, जेवढी पट्टी वरची तेवढा गळा ताणावा लागतो. ताईंचा गळा पांढरी चारचा होता.

कॅसेट अशी चालली की मीच चाट पडलो. पानठेल्यावर, जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात तेच. पातळ, गोड, कोवळ्या मुलीसारखा आवाज. आठ दिवसांनी वामनराव कॅसेट घेऊन माझ्याकडं आले.

"भाऊ, आपन तं चारीत वाजवलं होतं नं? हे पाचीत काहून वाजून राह्यलं?"

बेमालूम खोटं कसं सुचतं पाहा. मी म्हटलं, "मशीनवर आवाज थोडा चढतोच वामनराव. टेपचा गुणच आहे तो." मी मशीनवाला, ते पेटीवाले. त्यांनी मान हलवली आणि चहा पिऊन गेले. एखाद्या माणसानं आपल्यावर विश्वास टाकला की आपण किती हलके होतो, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मग मारेगावचा कार्यक्रम. संध्याकाळी पाचची वेळ, बाजाराचा दिवस, माणूस मावत नव्हतं. माईक आणि ॲम्प्लिफायर माझे, मी स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेला. वामनरावांनी पांढरी चार धरली. ताईंनी कॅसेटमधलं सगळ्यात गाजलेलं गाणं उचललं, त्यांच्या स्वतःच्या भारी आवाजात, निवांत. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून एक जण ओरडला, "हे ते बाई नोहे! कॅसेटवाली आना!" मग दुसरा. मग सगळा जमाव. "डुप्लिकेट हाये! असली बाई आना!" आयोजक धावत स्टेजवर आला. ताई उभ्याच होत्या, माईक हातात. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. खरं तर त्या सगळीकडंच पाहत होत्या, पण मला वाटलं माझ्याकडं. मी खाली मान घालून ॲम्प्लिफायरचं बटण पाहू लागलो. जसं काही बिघाड तिथंच होता.

मी उठून माईकवर एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. पण बोललो असतो तर माझी कॅसेट खोटी ठरली असती. मी नाही बोललो.

मग ताई वाकल्या आणि वामनरावांच्या कानात काही बोलल्या. वामनरावांनी पट्टी बदलली. पांढरी पाच. ताईंनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं, गळ्याच्या शिरा ताणून, कॅसेटच्या घाईनं. लोकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. "आता आली असली!" त्या दिवसापासून कौसल्याताई स्वतःच्या आवाजात जाहीर कधी गायल्या नाहीत. आयुष्यभर त्या माझ्या स्क्रूची नक्कल करत राहिल्या.

दुसऱ्या कॅसेटला त्या पांढरी पाच धरूनच माईकसमोर बसल्या. तेव्हा तरी मी स्क्रू सोडायला हवा होता. पण पुन्हा चौदा गाणी, पुन्हा छापलेलं कव्हर. फिरवला. ती कॅसेट आणखी वर, काळी पाचपर्यंत गेली, आणि ताई कार्यक्रमात काळी पाच गाठायला लागल्या. तिसऱ्या वेळी आवाज इतका चिरका येऊ लागला की मीच घाबरून स्क्रू जागेवर आणला. पण तोवर त्यांच्या गळ्याला वरच्या पट्टीची सवय लागली होती आणि लोकांच्या कानालाही.

आठ वर्षांपूर्वी ताईंच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. ऑपरेशन झालं. आता त्या बोलतात ते घोगऱ्या कुजबुजीत, गाणं बंद. डॉक्टरांनी कारणं सांगितली ती धूळ, जाग्रणं, विश्रांती न घेता ताणून गाणं. डॉक्टर स्क्रूचं नाव घेणार नाहीत. ते मी घेतो.

वामनरावही गेले. म्हणजे मला विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. मी त्या एकेचाळीस कॅसेटी जशाच्या तशा उतरवून दिल्या असत्या तर कुणाला काही कळणार नव्हतं. संगीतानं पाया पडून आभार मानले असते.

तीन आठवडे मी त्या ऐकल्या. कामासाठी ऐकणं वेगळं आणि नुसतं ऐकणं वेगळं. कामासाठी आयुष्यभर ऐकलं, त्यात गाणं कधी ऐकलंच नव्हतं. कव्वालीत समोरच्याचा शेर टोकाला गेला की ताई उत्तर देण्याआधी बारीकसं हसतात, आणि ते हसणंच अर्धं उत्तर असतं. देवीच्या भजनात त्या देवीशी शेजारणीसारख्या बोलतात. लेंगी म्हणताना तांड्यावरच्या बाया मागून सूर धरतात, तिथं ताई स्वतः मागं सरतात आणि त्या बायांना पुढं करतात. मी तर त्या जागी आवाज कमी झाला म्हणून तेव्हा लाल पेन्सिलीनं खूण केली होती. मूर्ख माणूस मी. एवढ्या वेगवेगळ्या घरची गाणी, पण कुठंही उसनं वाटत नाही. ही बाई नागपूर-मुंबईकडं जन्मली असती तर, वगैरे लोक म्हणतात. मी म्हणतो, ती बाभुळगावचीच होती म्हणून तिला चारी घरं दारात सापडली.

पण या सगळ्यात तिचा स्वतःचा आवाज कुठंच नव्हता. सगळं ताणलेलं. मग मी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला. त्यात पहिल्या कॅसेटची मूळ टेप होती, नव्वद मिनिटांची. सव्वीस वर्षांत किती मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या, ही एक नाही पुसली. का, ते मला विचारू नका. डेकला नवा पट्टा टाकला, हेड पुसलं आणि लावली. खोलीत तीच भारी बाई येऊन बसली.

संगीताला बोलावून ऐकवलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "काका, ही आई नाही. कोण आहे ही?"

पोटच्या पोरीनं आईचा आवाज ओळखला नाही. मी एवढंच म्हटलं, "हे जुन्या मशीनवर आहे. स्पीड बरोबर आहे की नाही ते वामनरावांच्या पेटीशी ताडून पाहावं लागेल. पेटीचा सूर बदलत नाही. मला तुमच्या घरी घेऊन चल."

बाभुळगावला गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ताईंनी पेटी काढली, वरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. भिंतीवर वामनरावांचा फोटो. मी डेक जोडला आणि म्हटलं, "ताई, पांढरी चार धरून ठेवा."

टेप सुरू झाली. पेटीचा सूर आणि टेपमधल्या पेटीचा सूर एकमेकांत असे बसले की दोन आहेत हे कळेना. ताईंनी बोट उचललं. पुन्हा दाबलं. मग भाता सोडून दिला.

"हे तं चारीत हाये," त्या कुजबुजल्या.

"हाव."

"मंग कॅसेट पाचीत कशी?"

मी सांगितलं. स्क्रू, तीस मिनिटं, कव्हर, भोंगा, सगळं. टेप चालूच होती. सत्तावीस वर्षांची कौसल्या निवांत गात होती आणि सत्तरीकडं आलेली कौसल्या माझं तोंड पाहत होती.

त्यांनी फोटोकडं मान केली. "यायले माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

"मारेगावले माईकवर तुमीच होते."

"होतो."

"लोक मले डुप्लिकेट म्हनून राह्यले होते भौ, अन् तुमी बटन पाहून राह्यले होते." आवाज चढवायला त्यांच्याकडं आवाजच नव्हता. त्यांनी ओरडून चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मी किती वर्स समजून होती का माह्याच गळ्यात खोट हाये. मशीनमंदी चांगला येते अन् तोंडातून वाईट निंगते. या मानसाले रोज म्हनाव, वरतं घ्या, आजून वरतं घ्या."

मला रडू आलं. लपवत नाही. संगीता उठून पाणी आणायला गेली, मला की आईला ते कळलं नाही, पण पेला तिनं आईला दिला.

मग संगीता म्हणाली, "आई, लोकांना जो आवाज माहीत आहे तोच ठेवू ना. आता हे काढून काय उपयोग? कुणाला ओळख पटणार नाही."

"लोकाईची राहू दे," ताई म्हणाल्या. "मले पटली नं."

आणि त्यांनी तिथंच क्रम लावला. पहिली चौदा गाणी मूळ टेपवरून, मूळ वेगानं. मग बाकीची सगळी, जशी गायली तशी, वरच्या पट्टीतली. "तेही मीच गायली. ते काई चोरीचं नोहे." आणि सगळ्यांच्या आधी, गाण्याच्याही आधी, मी बोलायचं.

"मी? मी काय बोलू ताई?"

"जे मारेगावले नाई बोलले ते."

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना माईकसमोर बसवलं. स्वतः बोललो ते फक्त 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग'. संगीतानं खिडकीला दोन रजया टांगल्या. ताईंनी माझा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि मशीनसमोर माझ्या जागेवर बसल्या. मी माईकसमोर बसलो, कागदावर लिहिलेलं वाचलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

ताईंनी बोट वर केलं. "भौ, पुन्यांदा. लय पळून राह्यले तुमी. मानूस वयखू येत नाई."

पुन्हा वाचलं. पुन्हा बोट. हे बोट मी आयुष्यभर त्यांना दाखवलं होतं. चौथ्या वेळी मी कागद बाजूला ठेवला आणि जसं येईल तसं, हळू बोललो.

"मी दिगांबर टेपवाला. मारेगावच्या लोकांनो, त्या दिवशी तुमच्यासमोर गायली ती बाई असली होती. डुप्लिकेट कॅसेट होती, आणि ती मी केली होती."

ताईंनी हेडफोन काढला नाही. मान हलवून म्हणाल्या, "हे राहू द्या. आता माहं गानं लावा. अन् स्क्रूले हात नोका लावू."